जागतिक तत्त्वज्ञान परिषद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची जागतिक तत्त्वज्ञान परिषद २०२८ मध्ये टोकियोत भरायची आहे. निबंध पाठवू पाहणारे प्राध्यापक, एम. ए. किंवा पीएच. डी. करणारे विद्यार्थी आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. नियम दर खेपेला थोडेफार बदलतात. इथले आकडे मागच्या परिषदांच्या निवेदनांवरून घेतले आहेत, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीचे निवेदन समोर ठेवा.

ही परिषद भरवते कोण?

तत्त्वज्ञान संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘फिस्प’ म्हणतात. १९४८ साली अॅमस्टरडॅमच्या परिषदेत तो स्थापन झाला. त्याचे सभासद व्यक्ती नसतात, देशोदेशीच्या तत्त्वज्ञान संस्था असतात. त्यामुळे ‘मला फिस्पचे सभासदत्व कसे मिळेल’ या प्रश्नाला उत्तर एवढेच, की ते लागत नाही. निबंध कोणीही पाठवू शकतो.

परिषद साधारण दर पाच वर्षांनी भरते. त्याच वेळी महासंघाची सर्वसाधारण सभा होते, तीत नवे पदाधिकारी निवडले जातात आणि पुढच्या यजमान देशाचा निर्णय होतो. प्रत्यक्ष मांडामांड यजमान देशाची स्थानिक समिती करते: सभागृहे, नोंदणी, स्वयंसेवक, निवास. तक्रारी बहुतेक याच समितीबद्दल असतात, आणि पाच वर्षांनी समिती नवी असल्याने त्याच चुका नव्याने होतात.

आजवर ती कुठे कुठे भरली?

परिषद महासंघापेक्षा बरीच जुनी आहे. पहिली १९०० साली ऑगस्टच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये, तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी झाली. तिथेच ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची इटालियन गणिती पेआनो यांच्याशी गाठ पडली. पेआनो कोणत्याही वादात इतरांपेक्षा नेमके बोलतात आणि त्याचे कारण त्यांची चिन्हपद्धती आहे, हे रसेल यांच्या लक्षात आले. आपल्या बौद्धिक आयुष्याला तिथे वळण मिळाले, असे त्यांनी पुढे लिहिले. परिषदेला जाऊन काय मिळते असे कोणी विचारले, तर हे उदाहरण द्यावे. त्यात व्याख्यान नाही, निबंध नाही, समोरचा माणूस वाद कसा घालतो याचे निरीक्षण आहे.

त्यानंतर जिनिव्हा (१९०४), हायडेलबर्ग (१९०८), बोलोन्या (१९११). १९१५ ची परिषद लंडनला ठरली होती, पण ती महायुद्धाने गिळली. मग थेट १९२४ ला नेपल्स, १९२६ ला अमेरिकेत हार्वर्ड, १९३० ला ऑक्सफर्ड, १९३४ ला प्राग, १९३७ ला पुन्हा पॅरिस. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, व्हेनिस-पादुआ, मेक्सिको सिटी, व्हिएन्ना, व्हार्ना, ड्यूसेलडॉर्फ, माँट्रियल, ब्रायटन, मॉस्को, बोस्टन, इस्तंबूल असा प्रवास आहे. २००८ ला सोल, २०१३ ला अथेन्स, २०१८ ला बीजिंग आणि २०२४ ला रोम. रोमच्या जागी मुळात मेलबर्न होते आणि वर्ष २०२३ होते, ते बदलले.

यादीत आफ्रिका नाही, दक्षिण अमेरिका नाही आणि भारतही नाही.

‘आजच्या जगात तत्त्वज्ञानाचे काम काय’ यावर तिथे खरोखर चर्चा होते, की ते नुसते बॅनरवरचे वाक्य असते?

दोन्ही. प्रत्येक परिषदेला एक सूत्र असते आणि बहुतेक वेळा ते याच प्रश्नाभोवती फिरते. १९९८ ला बोस्टनमध्ये मानवजातीला शिक्षित करणारे तत्त्वज्ञान, २००३ ला इस्तंबूलमध्ये जगाच्या समस्यांना सामोरे जाणारे तत्त्वज्ञान, २००८ ला सोलमध्ये तत्त्वज्ञानाचाच आज पुनर्विचार, २०१८ ला बीजिंगमध्ये ‘माणूस व्हायला शिकणे’, २०२४ ला रोममध्ये सीमा ओलांडणारे तत्त्वज्ञान. सूत्रे मुद्दाम एवढी सैल ठेवलेली असतात, की कोणताही निबंध त्यात बसावा. उद्‌घाटनाच्या भाषणांत त्यांचा उल्लेख होतो आणि बऱ्याचदा तिथेच ती संपतात.

पण प्रश्न खराखुरा धसाला लागल्याची उदाहरणे आहेत. सर्वांत बोलके प्रागचे. १९३४ चा सप्टेंबर. शेजारच्या जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दीड वर्ष झालेले. परिषदेत लोकशाहीचे संकट हा विषय होता. अध्यक्ष एमानुएल राडल यांनी जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांच्याकडे तत्त्वज्ञानाच्या सध्याच्या कार्याबद्दल मत मागितले. ज्यू कुळात जन्मल्यामुळे हुसर्ल यांना जर्मन विद्यापीठातून बाजूला सारण्यात आले होते. ते स्वतः गेले नाहीत, त्यांनी पत्र पाठवले. त्या पत्राचा विचार त्यांना सोडेना. पुढच्या वर्षी व्हिएन्ना आणि प्राग इथे त्यांनी व्याख्याने दिली आणि त्यातून विज्ञानांच्या संकटावरचे त्यांचे शेवटचे मोठे काम उभे राहिले. त्याचा पहिला भाग १९३६ मध्ये बेलग्रेडच्या नियतकालिकात छापावा लागला.

परिषदेने हिटलर थांबला का? नाही. १९३९ च्या मार्चमध्ये प्रागच जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. परिषद ठराव करून जग बदलेल अशी अपेक्षा धरणारा निराशच होतो, आणि ती अपेक्षाच चुकीची आहे. एका नेमक्या माणसाला नेमक्या वेळी अडचणीचा प्रश्न विचारणे हे काम ती करू शकते. राडल यांनी ते केले.

१९६८ च्या व्हिएन्नाच्या परिषदेचीही वेळ अशीच होती. ऑगस्टच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या रात्री सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सीमेपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर, सोव्हिएत आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही गटांतले तत्त्वज्ञ एका छताखाली बसले. आजच्या जगाशी संबंध आहे की नाही हा प्रश्न त्या आठवड्यात कोणाला पडला नसेल.

भारताचा सहभाग कधीपासून?

भारतीय तत्त्वज्ञानाचे इतिहासकार सुरेंद्रनाथ दासगुप्त १९२४ ला नेपल्सला गेले होते आणि त्यांनी इटालियन तत्त्वज्ञ क्रोचे यांचे विचार बौद्ध मताशेजारी ठेवून तपासले. क्रोचे नेपल्सचेच, म्हणजे यजमानाच्या घरी जाऊन वाद. १९२६ ला हार्वर्डला सर्वपल्ली राधाकृष्णन कलकत्ता विद्यापीठातर्फे गेले. त्यांच्या निबंधाचा विषय होता संस्कृतीच्या इतिहासात तत्त्वज्ञानाचे स्थान, म्हणजे जवळपास वरचाच प्रश्न. मधल्या वर्षी, १९२५ च्या डिसेंबरात, कलकत्त्याला भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन रवींद्रनाथ टागोर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. हल्ली प्रत्येक जागतिक परिषदेला भारतातून बरेच लोक जातात. त्यांतले किती जण भारतीय सत्रांबाहेर फिरकतात, हा वेगळा प्रश्न. त्याबद्दल पुढे येतेच आहे.

आठवडाभर तिथे नेमके काय चालते?

सकाळी किंवा दुपारी पूर्ण सभा: मोठे सभागृह, निमंत्रित वक्ते, भाषांतराची सोय. बीजिंगला या सभा स्व, समुदाय, निसर्ग, आध्यात्मिकता आणि परंपरा अशा पाच विषयांवर होत्या. त्यांच्याखाली परिसंवाद, तेही निमंत्रितांचेच. इब्न रश्द, मायमोनिडीस, किर्केगार्ड, वांग यांगमिंग, सिमोन द बोव्हार या तत्त्वज्ञांच्या नावाची सन्मान व्याख्याने असतात. तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी निबंधवाचनाचे विभाग, गोलमेज चर्चा, विद्यार्थी सत्रे आणि वेगवेगळ्या संस्थांच्या बैठका. अथेन्सला पंच्याहत्तर विभाग होते, पुढे ते वाढतच गेले. एका वेळी डझनांनी सत्रे चालतात, त्यामुळे ‘सगळे ऐकू’ म्हणणारा पहिल्याच दिवशी थकतो. आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेवर दुसऱ्या दिवसाची तीन सत्रे आणि त्यांच्या खोल्या पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात. इमारती लांबलांब असतात आणि खोली शोधण्यात वीस मिनिटे सहज जातात, म्हणजे एक अख्खा निबंध.

निबंध पाठवायचा तर काय लागते?

अथेन्स आणि बीजिंगच्या वेळची चौकट अशी होती: जास्तीत जास्त सुमारे १,८०० शब्द, म्हणजे दुप्पट ओळ-अंतराने सहा पाने, दहा ते वीस ओळींचा गोषवारा, किमान तीन कुंजीशब्द आणि कोणत्या विभागासाठी आहे त्याचा स्पष्ट उल्लेख. नुसता गोषवारा चालत नसे, पूर्ण निबंध लागे. एका व्यक्तीचा एकच निबंध. पहिली मुदत परिषदेच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास संपते. त्यानंतर आलेले निबंध जागा उरली तर घेतात.

निबंध परत येण्याची किंवा बाजूला पडण्याची कारणे ठरावीक आहेत. पीएच. डी.च्या प्रबंधातले प्रकरण कापून सहा पानांत कोंबलेले असते. त्यात चार पाने पूर्वपीठिका, दीड पान अवतरणे आणि स्वतःचे म्हणणे शेवटच्या परिच्छेदात. विषय ‘अद्वैत आणि आधुनिक विज्ञान’ एवढा फुगलेला असतो. किंवा निबंध नुसता गौरवपर असतो: आमच्या परंपरेत हे सगळे आधीच सांगितलेले आहे. परीक्षकाला त्यात वाद सापडत नाही. सहा पानांत एक विधान, त्याच्या बाजूची दोन कारणे, त्याच्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप आणि त्याला उत्तर एवढेच मावते. आपल्याकडे आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून मग त्याला उत्तर देण्याची, म्हणजे पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची, शिस्त आयती असताना ती निबंधात न वापरणे हे आश्चर्यच आहे.

विभाग कसा निवडायचा? ‘भारतीय तत्त्वज्ञान’ सोडून दुसरीकडे टाकता येतो का?

येतो, आणि बऱ्याचदा टाकावाच. एक उदाहरण घेऊ. ‘अमृतानुभव’ या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात ज्ञानेश्वर अज्ञानाचे खंडन करतात. अज्ञान नावाचे काही स्वतंत्र, अस्तित्वात असलेले तत्त्व आहे या कल्पनेतली विसंगती ते उलगडतात. हा निबंध भारतीय तत्त्वज्ञानाच्या विभागात गेला, तर समोर बहुधा अद्वैत वेदान्त ठाऊक असलेले श्रोते असतील आणि चर्चा शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर यांच्यातल्या फरकावर जाईल. ती चर्चा नागपुरातही होऊ शकते. तोच निबंध ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे याचा विचार करणाऱ्या, विभागात गेला, तर अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव की आणखी काही, या प्रश्नावर आज काम करणारे लोक भेटतात. त्यांना ज्ञानेश्वर माहीत नसतात, म्हणून दोन मिनिटे ओळखीत खर्च होतात, पण प्रश्न नवे येतात.

डॉ. आंबेडकरांच्या बंधुतेच्या कल्पनेचेही तसेच. ते कोलंबिया विद्यापीठात व्यवहारवादी (प्रॅग्मॅटिस्ट) अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. त्यामुळे सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञानाच्या किंवा व्यवहारवादाच्या विभागात हा विषय पाहुणा म्हणून येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. मूळ संस्कृत, पाली किंवा जुन्या मराठी पाठाच्या वाचनावरच तुमचा सगळा भर असेल, तर तो तपासू शकणारे श्रोते भारतीय तत्त्वज्ञानाच्या विभागातच असतात. दुसरीकडे माना डोलतील आणि चूक कोणाच्या लक्षात येणार नाही.

मराठीत निबंध वाचता येतो का?

नाही. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन या नेहमीच्या भाषा, त्यांत यजमान देशाची भर पडते: अथेन्सला ग्रीक, बीजिंगला चिनी. भाषांतराची सोय मोठ्या सभांपुरतीच असते. निबंधवाचनाच्या खोलीत बहुतेक वेळा इंग्रजीच चालते, आणि बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा असते.

पारिभाषिक शब्द ही खरी ठेच लागण्याची जागा. ‘धर्म’ला थेट रिलिजन म्हटले की पुढची पंधरा मिनिटे तुम्ही न मांडलेल्या मताचा बचाव करण्यात जातात. ‘प्रमाण’, ‘पुरुषार्थ’, ‘अनुभव’, ‘साक्षी’ यांचेही तेच. मूळ शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात अर्थ सांगा आणि पुढे तोच शब्द वापरत राहा. निबंधात असे तीनपेक्षा जास्त शब्द नकोत. मराठीत विचार करून लिहिणाऱ्यांना दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये तीन खंडांत आलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आजही उपयोगी पडतो. अर्थांच्या छटा तिथे मराठीतूनच वेगळ्या केलेल्या आहेत.

वीस मिनिटांत निबंध कसा संपवायचा?

वीस मिनिटे चर्चेसकट असतात. परक्या श्रोत्यांना समजेल असे सावकाश वाचायचे तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे १,८०० शब्दांना पंधरा-सोळा मिनिटे, आणि चर्चेला चारच उरतात. वाचनासाठी वेगळी प्रत करावी: १,४०० शब्द, आखूड वाक्ये, तळटिपा नाहीत. पहिल्याच मिनिटात विधान सांगून टाका. अध्यक्ष वेळेवर चिठ्ठी सरकवतात, आणि ज्यांचा निष्कर्ष शेवटच्या पानावर असतो त्यांचा निष्कर्ष कोणीच ऐकत नाही.

प्रोजेक्टरवर विसंबू नका. मूळ श्लोक किंवा ओवी, लिप्यंतर आणि भाषांतर असा एक कागद पंधरा-वीस प्रतींत सोबत न्या. खोलीत सहसा तेवढीच माणसे असतात, कधी पाच. न आलेले वक्ते ही या परिषदेची जुनी खोड आहे. चारांपैकी दोघेच हजर असले, तर अध्यक्ष वाढीव वेळ देऊ शकतात, तेव्हा चर्चेत टाकायला एखादा राखीव मुद्दा तयार असू द्या.

गोलमेज चर्चा सोपी पडते का?

लिहिण्याच्या दृष्टीने हो, जुळवण्याच्या दृष्टीने नाही. प्रस्तावात किमान तीन वक्ते आणि तेही एकाहून अधिक देशांतले असावे लागतात. एकाच विभागातल्या चार सहकाऱ्यांनी मिळून पाठवलेला प्रस्ताव म्हणूनच नाकारला जातो. वर्ष-दीड वर्ष आधी पत्रव्यवहार सुरू करा. आजच्या जगाशी भिडणारी चर्चा ऐकायची असेल, तर ती पूर्ण सभांपेक्षा गोलमेजांत अधिक सापडते, कारण तिथे वक्ते एकमेकांना मध्येच अडवू शकतात.

खर्च, रजा, व्हिसा?

खर्चाचे भाग पाच: नोंदणी शुल्क, विमान, निवास, व्हिसा आणि विमा. नोंदणी लवकर केली तर शुल्क कमी, विद्यार्थ्यांना आणखी कमी. निबंध स्वीकारला गेला पण शुल्क मुदतीत भरले नाही, तर कार्यक्रमपत्रिकेत नाव येत नाही. ही चूक दर परिषदेला शेकड्याने होत असावी, इतके रिकामे रकाने दिसतात.

भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद परदेशातल्या परिषदांसाठी प्रवास अनुदानाचे अर्ज घेते. अर्जासोबत स्वीकृतिपत्र लागते, म्हणून निबंध पहिल्या मुदतीतच पाठवणे फायद्याचे. उशिरा पाठवलात तर स्वीकृतिपत्र येईपर्यंत अनुदानाची तारीख उलटते. अनुदान सहसा सगळा खर्च भागवत नाही.

परिषद बहुधा ऑगस्टमध्ये असते, म्हणजे आपल्याकडे सत्र चालू असते. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी ड्यूटी लीव्ह आणि ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज उन्हाळी सुट्टीपूर्वीच द्यावा. विद्यापीठाच्या टेबलांवरून तो फिरून यायला दोन महिने सहज लागतात. निमंत्रणपत्र नोंदणीनंतर मिळते. त्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव मध्ये आहे की नाही, आडनाव आधी की नंतर, इथे मराठी नावे हमखास अडकतात.

ईमेलवर अशाच नावाच्या परिषदेचे निमंत्रण आले आहे. खरे आहे का?

बहुधा नाही. न मागता आलेले, तुमची स्तुती करणारे, चार दिवसांत स्वीकृती देणारे आणि तत्त्वज्ञानाबरोबर व्यवस्थापन व अभियांत्रिकीही जोडणारे निमंत्रण कचरापेटीत टाका. खरी परिषद पाच वर्षांतून एकदा येते. दरवर्षी ‘जागतिक तत्त्वज्ञान परिषद’ भरवणारा कोणी दुसराच असतो.

युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन म्हणजे हेच का?

नाही. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी असतो. २००२ पासून पाळला जाऊ लागला आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने तो अधिकृत केला. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. महाविद्यालयात कार्यक्रम करायचा तर एवढी तारीख पुरे.

तत्त्वज्ञानाची पदवी नसली तर जाता येते?

श्रोता म्हणून नोंदणी करता येते. निबंधालाही पदवीची अट नसते, निबंध बघतात. डॉक्टर, वकील, अभियंते येतात. वैद्यकीय नीती किंवा कायद्याचे तत्त्वज्ञान अशा विभागांत त्यांचे बोलणे पुष्कळदा व्यावसायिक तत्त्वज्ञांपेक्षा जमिनीवरचे असते.

निबंध पुढे छापला जातो का?

परिषदेचा वृत्तांत निघतो, पण वेळ लागतो, कधी काही वर्षे. स्वीकारलेला प्रत्येक निबंध त्यात येईलच असे नाही. बढतीच्या गुणांसाठी या प्रकाशनावर अवलंबून असाल तर हिशेब चुकेल. परिषदेतले आक्षेप लक्षात घेऊन निबंध दुप्पट वाढवा आणि नियतकालिकाकडे पाठवा. मराठी रूप ‘परामर्श’ या तत्त्वज्ञानाच्या मराठी नियतकालिकाकडे पाठवता येईल. आधीच्या प्रकाशनाचा उल्लेख मात्र करा.

टोकियोला जाणे शक्य नाही. इथे काय आहे?

महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेची अधिवेशने आहेत, तिथे मराठीत बोलता येते. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये उभी केलेली तत्त्वज्ञान संस्था आहे. १९३० च्या दशकात बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक होते. खानदेशातल्या तालुक्याच्या गावी त्या काळी देशभरातून तत्त्वज्ञानाचे अभ्यासक येऊन राहत, हे आज सांगूनही कित्येकांना खरे वाटत नाही.

आणि एक नमुना पुण्याचा. १९८३ साली माँट्रियलला जागतिक परिषद भरली, त्याच वर्षी पुण्यात दयाकृष्ण, मे. पुं. रेगे हे तत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायशास्त्राचे (भारतीय तर्कशास्त्राचे) पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवले. विषय एकच: रसेल यांची विधानाची, म्हणजे प्रपोझिशनची, कल्पना. ती संस्कृतात मांडली गेली आणि पंडितांनी आपल्या शास्त्राच्या आधारे तिच्यावर आक्षेप घेतले. माणसे मोजकी, विषय एक आणि वेळ भरपूर. असे तुमच्या गावीही करता येते: सहा ते आठ माणसे, आठवडाभर आधी वाटलेली पाच-सहा पाने, दोन परंपरांतला किमान एकेक जाणकार आणि ‘मूळ शब्दाचा अर्थ ठरल्याशिवाय पुढे जायचे नाही’ हा नियम. दोन दिवस ठेवा. पहिला दिवस शब्दांवरच जातो.

शाळेतल्या मुलांसाठी काही?

आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान ऑलिंपियाड आहे. १९९३ मध्ये बल्गेरियात सुरू झाले, त्याला फिस्पचा पाठिंबा आहे. चार उतारे देतात, त्यांतला एक निवडून चार तासांत निबंध लिहायचा. भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश, आणि ती लिहिणाऱ्याची मातृभाषा असता कामा नये. मराठी मुलांना या अटीची अडचण नाही. अडचण येते ती उताऱ्याचा सारांश लिहिण्याच्या सवयीची, कारण तिथे गुण लेखकाशी वाद घातल्याबद्दल मिळतात.